हेड उतरवताना

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला आलेली एक पांढरी मारुती ८०० संध्याकाळी आमच्या गॅरेजच्या दारात उभी राहिली. १९९७ चं मॉडेल, कार्ब्युरेटरचं. मालक प्राथमिक शाळेतले शिक्षक. घाटात काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ आली, त्यांनी थांबून बाटलीतलं पाणी ओतलं आणि तसेच पुढे आले.

"सर, पाणी ओतलं तेव्हा इंजिन चालू होतं की बंद?"

"बंद केलं होतं. पण लगेचच ओतलं."

गाडी सुरू होत होती, पण लंगडत होती. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता, आणि त्याला गोडसर वास होता. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड झाल्यावर काढलं, पाणी भरलं, पुन्हा सुरू केलं, तर पाण्यात बुडबुडे. ऑइलची काठी ओढून पाहिली. टोकाला फिकट चहासारखा रंग. एवढ्यावरही मी हेड उघडायला घेत नाही. तीनही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावलं. पहिल्या सिलिंडरचं बरं होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्याचं, दोघांचंही, पडलेलं होतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम बसले, की मधली भिंत गेली असं समजायचं. इथे भिंत म्हणजे हेड गॅस्केटची दोन भोकांमधली अरुंद पट्टी.

तुमच्या गाडीचं हेड कधी उतरवायची वेळ आली, तर गॅरेजमध्ये नेमकं काय चालतं हे तुम्हाला कळावं म्हणून हे काम सुरुवातीपासून सांगतो. बहुतेक मालकांना वाटतं, खरं कौशल्य जोडण्यात असतं. खोलायला काय, कोणीही खोलेल. माझा पंचवीस वर्षांचा अनुभव उलटा आहे. जोडताना जे चुकतं ते बहुतेक वेळा खोलतानाच चुकलेलं असतं.

आधी ही गॅस्केट काय सोसते ते बघा. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या काळात गावोगावच्या मेस्त्र्यांचे हात याच इंजिनावर तयार झाले. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. एक फूट लांबीचं हेड शंभर अंशांनी तापलं तर जवळजवळ पाऊण मिलिमीटर लांब होतं. तेवढ्याच लांबीचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच वाढतो. म्हणजे गाडी दर वेळी तापताना आणि निवताना दोन धातू एकमेकांवर किंचित सरकतात, आणि मध्ये गॅस्केट चिमटीत धरलेली असते. तिच्या एका बाजूला दोन हजार अंशांच्या वर जाणारा जाळ, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसरीकडे ऑइल. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा हा जाळ होतो. घाटात पाणी संपलं, हेड मर्यादेबाहेर तापलं, त्यात बोल्टांनी जखडलेलं. फुगायला जागा नाही म्हणून ते वाकतं. वाकलं की गॅस्केटवरची पकड सैल होते, आणि जाळ सगळ्यात अरुंद जागेतून वाट काढतो.

म्हणूनच पहिला नियम असा, की गरम इंजिनाचं हेड सोडायचं नाही. गाडी रात्रभर तशीच ठेवली. सरांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत शाळेवर जायचं होतं, त्यांची घाई मला कळत होती. पण तापलेल्या हेडचे बोल्ट सुटले तर जे हेड थोडक्यात वाचलं असतं तेही कायमचं वाकडं होऊन बसतं.

सकाळी पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पॉझिटिव्ह आधी का नाही? कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हच्या नटावर पाना लावला आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की ठिणग्या उडतात, पाना तापतो, आणि बॅटरीच्या तोंडाशी साचलेला वायू पेट घेऊ शकतो. निगेटिव्ह आधी काढली की हा धोकाच उरत नाही.

मग खालचा प्लग सोडून कूलंट पातेल्यात काढलं आणि पातेल्यावर लगेच झाकण ठेवलं. कूलंटची चव गोड असते, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्याच्या विषाने मरतात. गॅरेजच्या आवारातलं एक कुत्रं असं गेलेलं मी पाहिलंय. तेव्हापासून हे पातेलं माझ्याकडे एक मिनिटही उघडं राहत नाही.

वरचं काळं गोल एअर क्लीनर काढलं की कार्ब्युरेटरचं तोंड उघडं पडतं. तिथे ताबडतोब स्वच्छ फडकं कोंबायचं. एक छोटा वायसर आत पडला, तर तो मॅनिफोल्डमधून थेट व्हॉल्व्हखाली जाऊन बसू शकतो. मात्र फडकी मोजायची. आमच्याकडे शिकायला असलेल्या मुलाला मी फळ्यावर खडूने आकडा लिहायला लावतो: आत किती फडकी गेली. शेवटी तेवढीच बाहेर आली पाहिजेत.

पेट्रोलचे पाइप काढताना टोकं बुचानं बंद करायची. या इंजिनात पेट्रोल पंप कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो आणि हेडच्याच अंगाला असतो, त्यामुळे तोही सुटा करावा लागतो. पाइपातून वाटीभर पेट्रोल सांडतंच. त्या वेळी जवळ कोणी विडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवायचं, मग तो गिऱ्हाईक असो की गॅरेजचा मालक.

बारीक नळ्या आणि वायरी हा कंटाळवाणा भाग, पण कटकटी इथूनच सुरू होतात. कार्ब्युरेटरच्या आजूबाजूला व्हॅक्यूमच्या काळ्या नळ्यांचं जाळं असतं आणि सगळ्या सारख्या दिसतात. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा घालायचा: नळीवर चार, तर ती जिथून निघाली त्या नळकांड्यावरही चार. आता मोबाइलवर फोटो काढता येतात, जरूर काढावेत. पण फोटोत एक नळी दुसरीच्या मागे लपते. आकडा लपत नाही. प्लगच्या वायरींचंही तेच. इंजिनाचा पेटण्याचा क्रम एक, तीन, दोन असा आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी कार्ब्युरेटरमधून फटके मारते, आणि मेस्त्री दिवसभर कार्ब्युरेटर साफ करत बसतो. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बुडावर आणि हेडवर मिळून एक बारीक रेघ ओढली, झाकण काढून रोटर कुठे तोंड करून आहे तीही खूण केली.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट रात्रीच गंज सोडवणाऱ्या ऑइलने भिजवून ठेवले होते. हे नट रोज लालबुंद तापतात आणि निवतात. गंजून स्टडशी एकजीव झालेले असतात. जोर लावून सोडायला गेलं की स्टड मुळातून तुटतो, आणि मग एका नटासाठी हेड ड्रिलिंगला न्यावं लागतं. युक्ती अशी: सोडण्याआधी किंचित आवळायचा. अगदी केसभर. गंजाचा थर मोडल्याचा 'कट्' असा आवाज येतो, तो पान्यातून हाताला कळतो. मग मागे फिरवायचा, अडला की परत थोडा पुढे. रिंग पाना किंवा गोटी वापरायची, फिक्स पाना नाही. फिक्स पाना नटाचे कोपरे खातो आणि नट गोल होतो. त्या दिवशी एक नट तरीही ऐकेना, तो गॅसच्या ज्योतीने तापवून सोडला. अर्थात पेट्रोलची सगळी तोंडं बंद करून, आणि शेजारी वाळूची बादली ठेवून.

आता टायमिंगचा पट्टा. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या फिरतो तेव्हा वरचा कॅमशाफ्ट एक फेरी फिरतो. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह मिटलेले असणं, खाली जाताना हवा घेणारा उघडलेला असणं, हा सगळा ताल या दातेरी रबरी पट्ट्यावर आहे. म्हणून पट्टा काढण्याआधी इंजिन हाताने फिरवून कॅमच्या पुलीवरची खूण मागच्या पत्र्यावरच्या खुणेशी आणि क्रँकची खूण ब्लॉकवरच्या खुणेशी जुळवून ठेवायची. मग टेन्शनर सैल करायचा आणि पट्टा बाजूला सरकवायचा. तोच परत वापरायचा असेल तर तो कोणत्या दिशेने फिरत होता तो बाण खडूने काढून ठेवायचा. त्याला ऑइल लागू द्यायचं नाही, तो मुडपायचा नाही. एवढं काम खोलल्यावर जुना पट्टा परत लावणं मला पटत नाही, मी नवाच घालतो. पट्टा सुटल्यावर क्रँक किंवा कॅम कोणीही फिरवायचा नाही. माझ्या गॅरेजमध्ये त्या वेळी गाडीच्या पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो: 'पट्टा काढला आहे, चावी लावू नये.'

पट्ट्यावरचं झाकण, पाण्याचा पंप, त्यांच्या भोवतालचे बोल्ट हे दिसायला एकसारखे, पण लांबी वेगवेगळी. इथे मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी शिकत होतो तेव्हा सगळे बोल्ट एका बिस्किटाच्या डब्यात टाकले. जोडताना लांब बोल्ट आखूड भोकात लावला. तो तळाला टेकला तरी डोकं बसेना, म्हणून मी जोर लावला. ॲल्युमिनियमचे आटे बोल्टाबरोबर भुग्यासारखे बाहेर आले. मेस्त्रींनी मला ओरडून काही सांगितलं नाही. त्यांनी एक जाड पुठ्ठा घेतला, त्यावर झाकणाचा आकार पेन्सिलीने काढला, जिथे बोल्ट असतात तिथे डिसमिसने भोकं पाडली आणि म्हणाले, "पोरा, बोल्ट निघाला की त्याच्या घरात ठेवायचा." तो पुठ्ठ्याचा रिवाज मी आजतागायत मोडलेला नाही. हेडचा एक पुठ्ठा, पट्ट्याच्या झाकणाचा एक, मॅनिफोल्डचा एक. वायसर ज्या बोल्टाचा त्याच बोल्टात.

रॉकरचं झाकण काढल्यावर आतली मळी पाहिली: पिवळट, लोण्यासारखी. पाणी ऑइलमध्ये मिसळल्याची ही पावती. टॅपेटचे सगळे स्क्रू पूर्ण सैल केले, म्हणजे कॅम कोणत्याही व्हॉल्व्हला दाबून धरणार नाही.

आणि मग हेडचे आठ बोल्ट. हे एकामागोमाग एक सोडून चालत नाही. बाहेरच्या टोकांपासून सुरुवात करायची, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं, आणि आत आत येत मधल्या बोल्टांवर संपवायचं. पहिल्या फेरीत प्रत्येकाला फक्त पाव फेरी, दुसरीत अर्धी, मग मोकळे. समजा एक टोक एकदम मोकळं केलं. दुसऱ्या टोकाला मात्र पूर्ण ताण आहे. त्या एकतर्फी ताणाने हेड वाकतं, आणि मग दोष कोणाचा, घाटाचा की पान्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मुलाने चौथा बोल्ट सोडताना घाईने पूर्ण फेरी मारली. मी त्याचा हात धरला, तो बोल्ट परत आवळून घेतला आणि पहिल्यापासून क्रम धरायला लावला.

बोल्ट निघाले तरी हेड हलत नाही. गॅस्केट दोन्हीकडे चिकटलेली असते. सगळ्यात जास्त हेड इथे बाद होतात. जोडाच्या फटीत डिसमिस घालून हातोडी मारली की हेड उचलतं खरं, पण ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर खाच पडते, आणि त्या खाचेतून नवी गॅस्केटही पाणी सोडते. लाकडी हातोडीने हेडच्या जाड भागांवर, चारी बाजूंनी हलकेच ठोकायचं. मॅनिफोल्ड लागतो त्या बाजूला धरून हेड थोडं डोलवायचं. त्या दिवशी दोन-चार टोल्यांनंतर पाण्याचा 'सुळ्ळ' असा आवाज झाला आणि हेड सुटलं. सरळ वर उचललं, आणि टेबलावर दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. तोंडावर उपडं ठेवायचं नाही. एखादा व्हॉल्व्ह उघडा असला तर त्याची दांडी हेडच्या वजनाने वाकते.

आता घाई सोडायची आणि फक्त बघायचं. गॅस्केट फेकायची नाही, पुसायची नाही. ती सगळं सांगते. ही बघा: पहिल्या सिलिंडरच्या भोवतीची पत्र्याची कडी अखंड, करड्या रंगाची. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या पट्टीवर बोटाच्या पेराएवढी काळी जळकी वाट, आणि तिथे कडीचा पत्रा वितळून मागे सरकलेला. तिथूनच एक फाटा पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला. पिस्टनचे माथे बघा: पहिल्यावर काळा, कोरडा कार्बन. तिसऱ्याचा अर्धा माथा मात्र कोणी घासल्यासारखा स्वच्छ, चकचकीत. आत पाणी शिरत होतं, त्याची वाफ होऊन कार्बन धुऊन गेलेला. मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. गिऱ्हाइकाला हे दाखवलंच पाहिजे, त्याचे पैसे कुठे जाणार आहेत हे त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.

हेड साफ करायलाही हात जपून लागतो. ब्लॉकच्या भोकांमध्ये फडकी (पुन्हा खडूने आकडा), मग बोथट पत्तीने गॅस्केटचे अवशेष खरवडायचे. ॲल्युमिनियमवर खरखरीत पॉलिश पेपर फिरवला तर खळगे पडतात, आणि त्याची पूड ऑइलच्या वाटांत जाऊन बेअरिंग खाते.

मग पोलादी सरळ पट्टी हेडवर आडवी उभी धरली आणि खाली फिलर गेजची पानं सरकवून पाहिली. चार कडा आणि दोन कर्ण, अशा सहा रेषांवर. मर्यादा ०.०५ मिलिमीटर, आपल्या डोक्याचा केसही बहुधा याहून जाड असतो. मधल्या भागात ०.१० चं पान सहज सरकलं. हेड वाकलं होतं. ते लेथवाल्याकडे फेस मारायला पाठवलं आणि त्याला सांगितलं, सपाट होण्यापुरतंच घ्या. जास्त घासलं की वरची पोकळी लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं, आणि चढावर इंजिन ठोकायला लागतं. थंड पाण्याच्या धक्क्याने कुठे तडा गेला नाही ना, हे पाण्याचा दाब देऊन तपासून घ्यायलाही सांगितलं. तडा नव्हता.

व्हॉल्व्ह काढले ते अंड्यांच्या ट्रेमध्ये, क्रमाने. प्रत्येक व्हॉल्व्ह हजारो किलोमीटर आपल्याच बैठकीवर आपटून तिच्याशी जुळलेला असतो. दुसऱ्याच्या जागी लावला तर गळतो. स्प्रिंग, टोपी, लॉकच्या दोन अर्धगोल चकत्या, सगळं त्या त्या खोबणीत.

ब्लॉकमधल्या बोल्टांच्या भोकांत साचलेलं पाणी आणि ऑइल हवेने उडवून काढलं. याकडे दुर्लक्ष होतं. भोकात द्रव राहिला तर बोल्ट खाली उतरताना तो दाबला जातो. द्रव आकसत नाही, मग ब्लॉकला तडा जातो, किंवा टॉर्क पाना 'झालं' म्हणतो आणि हेड मात्र सैलच राहतं.

जोडणी उलट्या क्रमाने: बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. नळ्यांचे आकडे आकड्यांना मिळाले, रोटर खुणेवर आला, फळ्यावर पाच फडकी लिहिली होती आणि पाच टेबलावर होती. तिन्ही पुठ्ठे रिकामे झाले. ऑइल आणि फिल्टर बदलला, पाणी मिसळलेलं ऑइल एक किलोमीटरही चालवायचं नसतं.

पण हेड मुळात का तापलं? रेडिएटरचा पंखा विजेचा असतो. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की थर्मोस्विच त्याला सुरू करतो. स्विचच्या दोन वायरी जोडून पाहिल्या तर पंखा फिरला, म्हणजे पंखा ठीक, स्विच मेला होता. तो न बदलता गाडी दिली असती तर पुढच्या घाटात हेच पुन्हा झालं असतं. नवा स्विच बसवला, रेडिएटर भरून हवा काढली आणि इंजिन जागेवर चालू ठेवलं. काटा मध्यावर आला, थोडा वर सरकला, आणि पंखा सुरू झाला. दीड मिनिटाने बंद झाला. परत सुरू झाला. सरांची शाळेवर जायची संध्याकाळ टळली होती, हे मी त्यांना दुपारीच सांगितलं होतं. ते एक रात्र मुक्कामाला राहिले. सकाळी थंड इंजिनाचं झाकण उघडलं, तर पाण्याची पातळी रात्री होती तिथेच होती, आणि ऑइलची काठी स्वच्छ निघाली.